त्वरेचा हिशेब : कुटुंबासाठी झटपट तंबू निवडताना

अबुल फजलाने ‘आईन-इ-अकबरी’त बादशाही मुक्कामाच्या सरंजामाची जी कैफियत लिहून ठेवली आहे, ती वाचताना प्रथम डोळ्यांत भरतो तो तिच्यातील आकड्यांचा डौल : एका डेऱ्याच्या वाहतुकीस 100 हत्ती, 500 उंट, 400 गाडे व 100 हमाल, आणि तो उभारण्यासाठी इराण, तुराण व हिंदुस्थान या मुलखांतून निवडून आणलेले 1000 फरास. परंतु त्या वर्णनाचे मर्म या आकड्यांत नसून पुढच्या एका तपशिलात आहे. तो असा की, असल्या सरंजामाचे दोन संच बाळगण्याचा शिरस्ता होता, आणि बादशहा एका डेऱ्यात विसावलेला असताना दुसरा डेरा पुढच्या मुक्कामी रवाना होऊन, स्वारी पोचण्यापूर्वीच तणावे ताणून सज्ज असे. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांतही फरासखान्यास स्वतंत्र स्थान होते, आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील पोलीस ठाण्याच्या रूपाने ते नाव आजही रोज हजारो तोंडी येते. बादशहास किंवा पेशव्यास तंबूची वाट पाहत ताटकळावे लागत नसे, याचे कारण त्या काळचा तंबू चटकन उभा राही हे खचितच नव्हे. त्याच्या उभारणीचे श्रम दुसऱ्या कोणी तरी, त्यांच्या दृष्टीआड, अगोदरच उरकून ठेवलेले असत, एवढेच.

शनिवारी दुपारी पुण्याहून अथवा नाशिकहून मोटार काढून भंडारदऱ्याच्या नाही तर पवनेच्या जलाशयाकाठी मुक्कामास निघालेल्या आजच्या गृहस्थापाशी ना फरास, ना उंट, ना पुढे धाडण्याजोगा दुसरा डेरा. घाटातील गर्दीत अडकून तो पोचतो तेव्हा दिवस मावळतीला टेकलेला असतो, मुले भुकेजलेली असतात, आणि मोटारीत बसून बसून पाय आखडलेली आई ‘अरे, कुठे तरी सतरंजी तरी टाक’ म्हणून तगादा लावीत असते. झटपट उभ्या राहणाऱ्या तंबूचा सारा व्यापार या एका घटकेवर उभा आहे. फरासाचे काम नाहीसे झालेले नाही. ते मुक्कामाच्या जागेवरून उचलून कारखान्यात नेले गेले आहे, एवढाच फरक पडला आहे. दांड्या तेथेच कापडात ओवून दिलेल्या, सांधे तेथेच जुळवून दिलेले, छत तेथेच बांधून दिलेले. अकबराने आपल्या त्वरेची किंमत हत्ती-उंटांच्या रूपाने मोजली. आपण ती तंबूच्या वजनाच्या, घडीच्या लांबीच्या, वाऱ्यापुढील दुबळेपणाच्या आणि मोडतोडीनंतरच्या अडचणीच्या रूपाने मोजतो. ही किंमत कोणत्या तंबूत कोठे दडलेली आहे, हे ओळखून आपल्या कुटुंबाला तिच्यापैकी कोणती परवडेल हे ठरविणे, हाच निवडीचा खरा व्यवहार होय. दुकानातील पिशवीवर छापलेला सेकंदांचा आकडा या व्यवहारात फारसा उपयोगी पडत नाही.

तो आकडा खोटा असतो असे नव्हे. सराव झालेला विक्रेता सपाट फरशीवर एका मिनिटात तंबू उभा करून दाखवितो, ते अगदी खरे असते. परंतु मुक्कामाच्या जागी तंबू उभारणे याचा अर्थ काय होतो, याची फोड केली म्हणजे त्या मिनिटाचे वजन कळते. आधी जागा पाहावयाची, तिच्यावरील खडे, काटक्या आणि शेळ्यांच्या लेंड्या झाडावयाच्या, खाली ताडपत्री अंथरावयाची, वाऱ्याची दिशा पाहून दाराचे तोंड ठरवावयाचे. मग सांगाडा उभा करावयाचा. मग बाह्य छत चढवावयाचे, कोपऱ्यांत मेखा ठोकावयाच्या, तणावे ताणावयाचे, आणि शेवटी बिछान्यात हवा भरीत बसावयाचे. या सबंध कामाला चार हातांनी अर्धा-पाऊण तास लागतो असे धरले, तर साध्या तंबूत सांगाड्याचा हिस्सा दहा-पंधरा मिनिटांचा. झटपट तंबू वाचवितो तो एवढाच हिस्सा. मेखा ठोकण्याचा वेळ कोणत्याही कारखान्याला आजवर वाचविता आलेला नाही. पण वाचलेली ही दहा मिनिटे पावसाची सर अंगावर आलेली असताना, किंवा उजेड संपत असताना, फार मोलाची असतात, हेही तितकेच खरे. आणि म्हणून या प्रकारच्या तंबूची थट्टा करणाऱ्या कसलेल्या भटक्यांच्या मताशी मी सहमत होऊ शकत नाही. त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत आजी नसते.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. फोर्ड कंपनीच्या नियतकालिकासाठी चित्रे काढणाऱ्या विल्यम मॉस नावाच्या अमेरिकन चित्रकाराने 1955 साली फायबरग्लासच्या लवचीक कामट्यांवर ताणलेला घुमटाकार ‘पॉप टेन्ट’ बाजारात आणला, आणि मधला खांब व चहूकडचे दोर यांवाचून तंबू उभा राहू शकतो हे सामान्य सहलकऱ्याला पहिल्यांदा दिसले. पुढे 1975 मध्ये नॉर्थ फेस या कंपनीने, बकमिन्स्टर फुलर या स्थापत्यविचारवंताच्या भूमितीचा आधार घेऊन, एकमेकींना छेदणाऱ्या दांड्यांचा ‘ओव्हल इंटेन्शन’ हा तंबू काढला. वाऱ्याचा भार एका दांडीवर न पडता तो सगळ्या जाळ्यात वाटला जावा, हे त्यामागील तत्त्व. मॉसने शिकविली ती सोय, फुलरच्या अनुयायांनी शिकविली ती मजबुती. त्यानंतर 2005 साली डेकॅथलॉन या फ्रेंच कंपनीने आपल्या केशुआ या छापाखाली हवेत भिरकावताच उलगडणारा ‘दोन सेकंदां’चा तंबू आणला, आणि त्वरा हीच विक्रीची मुख्य बाब होऊन बसली. आज बाजारात मिळणारा प्रत्येक कुटुंबतंबू सोय आणि मजबुती यांच्यामधील कोठल्या तरी मुक्कामावर थांबलेला असतो.

त्यांतील भिरकावण्याचा तंबू प्रथम घेऊ, कारण मुलांचा हट्ट त्याच्यासाठी असतो. लवचीक दांडीचे बंद कडे पिळले असता ते एकतृतीयांश व्यासाच्या तीन वेटोळ्यांत मिटते, आणि सोडताच आत साठलेल्या ताणामुळे झटक्याने मूळ आकार धारण करते. हा तंबू म्हणजे कापडात शिवून टाकलेली अशी दोन-तीन कडी. उभारणी खरोखरच क्षणाची आहे. पण मिटलेल्या कड्याचा व्यास मूळ परिघाने बांधलेला असल्यामुळे, तंबू जितका मोठा तितकी त्याची चकती मोठी. तीन माणसांच्या तंबूचीच चकती पाऊण मीटरच्या आसपास भरते, आणि सहा माणसांचा असा तंबू करावा तर ती मोटारीत शिरणार नाही. त्यातच दांड्या बारीक, म्हणून वारा सुटला की भिंती आत दबतात. आणि घडी ! ती घालण्याची एक विशिष्ट मुरड आहे. ती हाताला बसेपर्यंत नवरा-बायकोंनी चारचौघांत एकमेकांना सूचना देत त्या कड्याशी जी झटापट करावी लागते, तिचा उल्लेख कोणत्याही जाहिरातीत आढळत नाही. दिवेआगरच्या सुरूच्या बनात दुपारी बाळाला निजविण्यासाठी याच्यासारखी वस्तू नाही. पाच जणांच्या रात्रीच्या मुक्कामाचा भरवसा मात्र त्याच्यावर टाकू नये.

कुटुंबाच्या खऱ्या उपयोगाचा प्रकार म्हणजे छत्रीसारखा उघडणारा तंबू. माथ्यावर एक सांधा, त्याला कायमच्या जोडलेल्या चार किंवा सहा दांड्या, प्रत्येक दांडी गुडघ्यापाशी मिटणारी किंवा नळीत नळी सरकणारी. कापड जमिनीवर पसरावयाचे, दांड्यांचे पाय चारी दिशांना फाकावयाचे, आणि एकेक दांडी ‘खट्’ आवाज येईपर्यंत लांबवीत जावयाचे. या सांगाड्याचा मोठा गुण हा की, कोणती दांडी कोठे जावयाची हा प्रश्नच उद्भवत नाही. अंधारात, विजेरी तोंडात धरून, सूचनापत्रक वाचण्याची पाळी येत नाही. एकटा मोठा माणूस आणि दहा-बारा वर्षांचे मूल यांना हे काम जमते. किंबहुना कोपरा धरून उभे राहण्याचे काम मुलाला दिल्याने त्याचीही गंमत होते.

त्याची किंमत दोन ठिकाणी वसूल होते. पहिली घडीच्या लांबीत. सांगाडा सुटा होत नसल्यामुळे सहा माणसांच्या अशा तंबूची गुंडाळी बहुधा सव्वा मीटरच्या घरात आणि वजन दहा-बारा किलो भरते. लहान मोटारीच्या डिकीत ती आडवी बसत नाही, आणि मग मागच्या बाकावर दोन मुलांच्या पायांखाली तिची रवानगी होते. म्हणून दुकानात जाताना डिकीची मापे फितीने घेऊन जावे. दुसरी किंमत दुरुस्तीच्या वेळी. साध्या घुमटतंबूची दांडी मोडली तर तिच्यावर नळीचा तुकडा चढवून रात्र निभावता येते, आणि पुढच्या आठवड्यात नवी दांडी शंभर ठिकाणी मिळते. परंतु छत्रीतंबूच्या माथ्याचा प्लास्टिकचा सांधा तडकला, तर सारा सांगाडाच पंगू होतो, आणि तो विशिष्ट सांधा त्या एकाच कारखान्याच्या त्या एकाच नमुन्याला लागणारा असतो. सबब, खरेदीपूर्वी विक्रेत्याला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती मिनिटांत उभा राहतो’ हा नसून ‘माथ्याचा सांधा आणि दांडीचा खटका सुटा मिळतो काय’ हा असावा. उत्तर गुळमुळीत आले तर पुढच्या नमुन्याकडे वळावे. सांधा धातूचा किंवा जाड नायलॉनचा आहे की खेळण्याच्या प्लास्टिकचा, हे बोटाने दाबून पाहिले तरी पुष्कळसे कळते.

हवा भरून उभे करावयाचे तंबूही आता मिळतात. त्यांत दांड्यांच्या जागी हवेच्या नळ्या असतात, आणि हातपंपाने दर चौरस इंचास सात पौंडांच्या आसपास दाब भरला की कमानी ताठ होतात. मोटारीच्या चाकातील दाबाच्या मानाने हा चौथा-पाचवा हिस्साच. जोराच्या वाऱ्यात ही कमान वाकते आणि पुन्हा उभी राहते, मोडत नाही, हा तिचा मोठा गुण. परंतु उन्हात हवा प्रसरण पावते आणि रात्रीच्या गारव्यात आकसते, त्यामुळे वैशाखात दुपारी थोडी हवा सोडावी लागते आणि पहाटे कमानी सैल पडलेल्या आढळतात. युरोपात एका जागी आठवडा-आठवडा मुक्काम ठोकणाऱ्या कुटुंबांसाठी हा प्रकार उत्तम. आपल्याकडे एका रात्रीसाठी वीस किलोंचे हे धूड बाळगणे म्हणजे पाहुण्यापेक्षा त्याचा लवाजमा मोठा, अशातली गत.

आता आकाराविषयी. तंबूवर ‘चार व्यक्ती’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ चार व्यक्तींना खेटून निजता येते, इतकाच घ्यावयाचा असतो; प्रत्येकी सुमारे 60 सेंटिमीटर रुंदी धरून हा हिशेब मांडतात. आठ फूट गुणिले सात फूट हे चार जणांच्या तंबूचे नेहमीचे माप. आठ फुटांच्या बाजूस ओळीने चार जण निजले तर एकेकाच्या वाट्याला दोन फूट येतात, आणि सामानाच्या वाट्याला काहीच येत नाही. पिशव्या, पाण्याचे डबे, चपला, मुलांचे खेळ यांनाही रात्री छप्पर लागते. म्हणून आईबाप आणि दोन मुले असतील तर सहा जणांचा, आणि आजीही बरोबर असेल तर आठ जणांचा तंबू पाहावा, ही माझी शिफारस. लिहिलेल्या संख्येतून दोन वजा करावे हा सोपा नियम बहुतेक वेळा बरोबर ठरतो. उंचीचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. पाच फुटांहून ठेंगण्या घुमटात विजार घालून रांगत शिरणाऱ्या तरुणाला काही वाटत नाही. परंतु साडी नेसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या स्त्रीला रात्री दोनदा उठून त्यातून बाहेर पडावयाचे असते, तिला दारात ताठ उभे राहता यावे एवढी उंची हवी. तंबू खरेदी करणारे पुरुष या गोष्टीचा विचार क्वचितच करतात, आणि त्यांच्या कुटुंबातील बायका दुसऱ्या सहलीला यावयास का नाखूश असतात, याचा त्यांना उलगडा होत नाही.

पण उंची वाढली की वारा वाढतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो हा निसर्गाचा कायदा आहे, आणि सहा फूट उंच, उभ्या भिंतींचा घरकुलासारखा तंबू हा त्या दाबापुढे शिडासारखा उभा ठाकतो. त्याला आवरतात ते तणावे; आणि झटपट तंबू घेणारे लोक नेमके तणावेच पिशवीत ठेवून देतात, कारण सांगाडा आपल्या पायांवर उभा राहिलेला पाहून काम संपले असा त्यांचा ग्रह होतो. वळवाच्या पावसाआधी सुटणारी वावटळ हा ग्रह क्षणात दूर करते. रिकामा तंबू तर मेखांवाचून उडून जलाशयात जाऊन पडतो. यासाठी खरेदीच्या वेळी छताच्या कापडाला तणाव्यांचे फासे किती आहेत, ते नुसते कापडाला शिवलेले आहेत की आतून दांडीला बांधलेले आहेत, आणि कोपऱ्यांना जाड पट्टी आहे की नाही, हे पाहून घ्यावे. सहा फुटांच्या तंबूसाठी सडपातळ फायबरग्लासपेक्षा पोलादी किंवा अॅल्युमिनियमची दांडी बरी; फायबरग्लास मोडतो तेव्हा त्याच्या कुसळांसारख्या चिरफळ्या होतात आणि त्या हातात घुसतात. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, जेथे खालून वर उसळणारा वारा सुप्रसिद्ध आहे, असला तंबू पाठीवर वाहून नेण्याचा संकल्प कोणी सोडलाच, तर त्याला परावृत्त करण्याइतके आपले त्याच्याशी सख्य असावे.

मेखांची गोष्ट जमिनीच्या गोष्टीपासून वेगळी करता येत नाही. परदेशी तंबूसोबत येणाऱ्या बारीक तारेच्या मेखा तिकडच्या हिरवळीच्या मऊ मातीसाठी केलेल्या असतात. सह्याद्रीच्या माथ्यावर काळ्या कातळावर वीतभर मुरूम, कोकणच्या सड्यांवर उघडा जांभा, किनाऱ्यावर भुसभुशीत वाळू, आणि जलाशयाच्या काठी उन्हाळ्यात टणक होऊन तडकलेला गाळ, अशी आपली चार प्रकारची भूमी. त्यांपैकी एकीतही ती तार टिकत नाही, पहिल्या तीन-चार घावांतच नांगी टाकते. मुरूमासाठी लोहाराकडून वीतभर लांबीच्या, अर्ध्या इंच जाडीच्या सळईच्या मेखा करून घ्याव्या; त्यांना फारसा खर्च येत नाही आणि त्या पिढीजात टिकतात. कातळावर मेखेचा नाद सोडून द्यावा, तणावा मोठ्या दगडाला गुंडाळून त्यावर दुसरा दगड ठेवावा. वाळूत पिशवी किंवा आडवी काठी हातभर खोल पुरून तिला तणावा बांधावा, आणि तंबू भरतीच्या रेषेपासून बराच वर, शक्य तर सुरूंच्या आडोशाला ठोकावा. कातळाच्या प्रदेशात हिंडणाऱ्याने आपल्याच पायांवर उभा राहणारा तंबू घ्यावा, बोगद्याच्या आकाराचा घेऊ नये. बोगदा-तंबूचा सारा प्राण त्याच्या मेखांत असतो. छत्रीतंबू या कसोटीला उतरतो, ही त्याच्या बाजूची आणखी एक जमेची बाब.

पाण्याची परीक्षा मिलिमीटरमध्ये सांगतात. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून तो किती उंच झाल्यावर थेंब आरपार येतात, हे मोजण्याची ती रीत. 1500 मिलिमीटर ही किमान मर्यादा समजतात, छताला 2000 ते 3000 असल्यास आपल्याकडील जूनच्या सुरुवातीच्या सरींना ते पुरे पडते, आणि तळाला त्याहून अधिक हवे, कारण गुडघा किंवा कोपर टेकला की खालच्या ओलीवर मोठा दाब येतो. परंतु तंबू गळतो तो बहुधा कापडातून गळतच नाही, शिवणीतून गळतो. सुईचे प्रत्येक भोक ही पाण्याला दिलेली वाट असते, म्हणून आतल्या बाजूने शिवणीवर पट्टी चिकटविलेली आहे की नाही हे उजेडाकडे धरून पाहावे. झटपट तंबूंच्या बाबतीत आणखी एक गफलत संभवते. सेकंद वाचविण्यासाठी काही नमुन्यांत स्वतंत्र बाह्य छतच दिलेले नसते. एकेरी कापडाचे माथे हेच छत, किंवा फार तर टोपीएवढा तुकडा वर अडकविलेला. अमेरिकेतील कोरड्या उन्हाळ्यात ते चालून जात असेल. सह्याद्रीत आडवा पाऊस येतो. जमिनीपासून वीतभर अंतरापर्यंत खाली येणारे पूर्ण छत, आतून वेगळा जाळीचा कक्ष, आणि तळाचे कापड चारी बाजूंनी वीतभर वर वळवून शिवलेले, अशी रचना असेल तरच तो तंबू पावसाच्या आसपासच्या दिवसांत न्यावा. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर डोकावू देऊ नये. छतावरून ओघळलेले पाणी ती झेलते आणि बिछान्याखाली आणून सोडते.

या दुहेरी रचनेचा दुसरा लाभ हवेशीरपणाचा. निजलेल्या माणसांच्या श्वासातील बाष्प थंड कापडाला भिडून पहाटेपर्यंत थेंबांच्या रूपाने खाली गळू लागते, आणि अनेकांना तंबू फुटला असे वाटते. आतील जाळी आणि बाहेरील छत यांमध्ये वारा खेळता असला म्हणजे हे दव बाहेरच्या कापडावरच राहते. समोरासमोर दोन खिडक्या, माथ्याशी झाकण असलेले छिद्र, आणि डासांना अडविणारी बारीक जाळी, यांकडे दुर्लक्ष करून रंगाकडे पाहणारे ग्राहक पुष्कळ आहेत. रंगाचा उपयोग एवढाच की, गडद रंगाचा तंबू एप्रिलच्या सकाळी नऊलाच भट्टी होतो.

आणि विस्तव. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील छावणीस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, रात्री दिवा जळता राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेतील आणि गवताच्या गंजी पेटून घोडी उपाशी मरतील, येथवर बारीक ताकीद दिलेली आहे. आजच्या छावणीत गवत नाही, पण पॉलिएस्टरचे कापड गवताइतकेच बेभरवशाचे. ते पेटते तसे वितळतेही, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. याहून घातक गोष्ट थंडीत घडते : उबेसाठी कोळशाची शेगडी आत घेऊन दाराची चेन लावली, की कोंडलेल्या जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि निजलेला माणूस जागा होत नाही. तंबू कितीही मोठा असो, त्यात शेगडी, बंब, स्टोव्ह किंवा डास घालविण्याचा धूर यांपैकी काहीही नेऊ नये. आणि तंबूत शिरताना दार कितीही रुंद वाटले तरी आणीबाणीच्या प्रसंगासाठी दुसरे दार असलेलाच नमुना घ्यावा.

इतका हिशेब मांडल्यावर माझे मत असे पडते. मोटारीने जाणाऱ्या, वर्षातून चार-दोन वेळा दोन रात्रींसाठी बाहेर पडणाऱ्या चार-पाच जणांच्या कुटुंबाने छत्रीच्या सांगाड्याचा, पूर्ण बाह्य छताचा, सहा फुटांच्या आसपास उंचीचा आणि सहा ते आठ जणांच्या मापाचा तंबू घ्यावा. छत सांगाड्याला कायमचे जोडलेले मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण भर पावसात आतला कक्ष कोरडा ठेवून तो उभा करता येतो. एस.टी.ने किंवा रेल्वेने जाणाऱ्याने या वाटेला जाऊ नये. त्याने दोन आडव्या-उभ्या दांड्यांचे दोन साधे घुमटतंबू घ्यावे, एक मुलांसाठी आणि एक मोठ्यांसाठी. ओझे वाटले जाते, मोडलेले बदलता येते, आणि गच्चीवर दोन-तीनदा सराव केला तर ते दहा मिनिटांत उभेही राहतात. सरावाने मिळविलेल्या त्वरेला वजन नसते, ही गोष्ट दुकानदार सांगणार नाही. सराव मात्र तंबू निवडणाऱ्या माणसाने करू नये, घरातील दुसऱ्या कोणी करावा. त्याला जे जमत नाही, ते मुक्कामी अंधारात कोणालाच जमत नाही. मुक्काम वनखात्याच्या जमिनीवर असेल तर त्यांची, आणि खाजगी रानात असेल तर मालकाची परवानगी आधी काढावी, कारण भल्या मोठ्या तंबूला रात्री अकरा वाजता हलवावे लागण्यासारखा मनस्ताप नाही.

उतरविण्याच्या कामाला उभारणीपेक्षा वेळ अधिक लागतो, आणि पिशवी तंबूपेक्षा नेहमीच एक माप लहान शिवलेली असते. सोमवारची कचेरी डोळ्यांसमोर असल्यामुळे ओला तंबू तसाच गुंडाळून मोटारीत टाकण्याचा मोह होतो. तसा तो फार तर एक दिवस राहू द्यावा. कापडाच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप ओलीत राहिल्याने फुटून चिकट होतो, त्याला आंबूस वास सुटतो, आणि एकदा तसे झाले की पाणी अडविण्याचा त्याचा गुण कशानेही परत येत नाही. घरी आल्यावर तो गच्चीवर सावलीत, गच्ची नसल्यास दिवाणखान्यात खुर्च्यांवर पसरून, शिवणी आणि कोपरे हाताला कोरडे लागेपर्यंत वाळवावा. दांड्यांच्या खटक्यांतील वाळू ब्रशाने झाडून काढावी. मेखा धुऊन वेगळ्या पिशवीत घालाव्या, म्हणजे त्यांची टोके कापडाला टोचणार नाहीत. पावसाळ्याचे चार महिने पोटमाळ्याच्या दमटीत त्याला कोंबू नये. मूळ पिशवीतून काढून, जुन्या सुती चादरीत सैल गुंडाळून, कपाटाच्या वरच्या खणात ठेवावा.